आळशी मुलीचा बाप

माझ्या मुलीच्या जुन्या शाळेत शिरलं की उजव्या भिंतीवर एक मोठा फोटो दिसतो. त्यात मुख्याध्यापिकाबाई आहेत, साठीच्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि डोक्यावर केशरी फेटा. तुरा जरा डावीकडे कललेला. तो फेटा मी बांधलाय. खुर्चीवर उभा राहून, मोडक्या जर्मनमध्ये गोष्ट सांगत सांगत, मधेच बाईंचा कान फेट्यात हरवल्याचं नाटक करत. समोर दीडशे पोरं हसून लोळत होती. पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला एकदाच प्रतिसाद मिळाला होता, तो चपलांचा. म्हणजे या देशाने मला काय दिलं, ते लक्षात घ्या.

त्या कार्यक्रमाचं नाव विविधतेचा उत्सव. दर जूनमध्ये होतो. बायकोने बटाटेवडे केले होते, ते अर्ध्या तासात संपले. भिंतीवर एक कागदी झाड होतं आणि त्याच्या प्रत्येक पानावर एकेका भाषेतला नमस्कार. आमचं पान मुलीने लिहिलं होतं. मुख्याध्यापिकाबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यासारखे पालक म्हणजे आमच्या शाळेचं वैभव." मी वाकून मुजरा केला. पुन्हा टाळ्या.

मी फ्रँकफुर्टबाहेर एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवसभर इंग्रजी. त्यामुळे बारा वर्षांत माझं जर्मन दोनच ठिकाणी चालण्याइतकं झालंय, बेकरीत आणि स्टेजवर. बायकोचंही तेच, फक्त स्टेज वजा करायचं. मग घरी येणारी पत्रं कोण वाचतं? मुलगी. सात वर्षांची होती तेव्हापासून. मी टपालपेटीतून पाकिटं काढायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्यापुढे ठेवायची आणि चहा घेत ऐकायचं.

"बाबा, हे कचऱ्याचं आहे. पिवळ्या पिशव्या या वेळी शुक्रवारी ठेवायच्यात."

"बरं."

"हे घरमालकाच्या ऑफिसचं. जिन्यात सायकल ठेवू नका म्हणतायत. तुझीच आहे, बाबा."

मग पत्राला भोकं पाडून ती फाईलला लावायची. निळी फाईल सरकारी, हिरवी शाळेची. पाहुण्यांना मी तिची ओळख करून द्यायचो, "या आमच्या घरच्या वकीलबाई."

आता इथली एक गंमत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इथे चौथीनंतर पोरांची वाटणी होते. काही गिम्नाझियुमला जातात, जिथून सरळ विद्यापीठाचा रस्ता आहे. काही रेआलशूलला, जिथून साधारण कारकुनी आणि कारागिरीकडे रस्ता जातो. विद्यापीठाकडेही जातो, पण वळसा घालून. दहा वर्षांच्या पोराने कुठे जावं याची शिफारस चौथीच्या बाई करतात. गुण तर बघतातच, शिवाय मूल काम कसं करतं, आपलं आपण करतं की कुणीतरी मागे लागावं लागतं, हेही बघतात. आम्हा सगळ्या देशी आईबापांचा तिसरी-चौथीत जीव टांगणीला लागलेला असतो. माझाही होता. मुलगी गिम्नाझियुमला जावी, एवढंच हवं होतं.

तिसरीच्या फेब्रुवारीत पालकभेटीचा दिवस होता. प्रत्येक आईबापांना दहा मिनिटं. टेबलावर अंडी उकडताना लावतात तसलं कोंबडीच्या आकाराचं घड्याळ, ते वाजलं की उठायचं. मी आणि बायको तिसरीतल्या पोरांच्या खुर्च्यांवर बसलो, गुडघे हनुवटीला लागलेले. समोर वर्गशिक्षिका, तरुण, नीटनेटक्या, हातात पेन. चौथीलाही याच असणार होत्या.

"तुमची मुलगी घरी कशी असते?" त्यांनी विचारलं.

आता माझे वडील सांगायला हवेत. ते टेलिफोन खात्यात होते. माझं प्रगतिपुस्तक घ्यायला शाळेत आले की मला बखोटीला धरून सरांपुढे उभं करायचे आणि म्हणायचे, "सर, हे आमचं दिवटं. अक्कल घरी विसरून येतं. चांगलं बदडून काढा. हाडं आमची, मांस तुमचं." मग सर चष्मा काढून म्हणायचे, "छे हो, असं काय बोलता? पोरगं चांगलं आहे. जरा धसमुसळं आहे इतकंच." मग वडील म्हणायचे, "तुम्ही म्हणताय म्हणून." येताना आम्ही उसाचा रस प्यायचो. ते तीन वाक्यांचं नाटक होतं आणि सगळ्या गावाला पाठ होतं. पहिलं वाक्य बापाचं, दुसरं सरांचं, तिसरं पुन्हा बापाचं. ज्या बापाने पहिल्याच वाक्यात पोराची स्तुती केली, तो उथळ. त्याच्या पोराला नजर लागायची ती वेगळीच.

तर त्या बाईंनी विचारलं, "घरी कशी असते?" आणि मी पहिलं वाक्य टाकलं.

"काय सांगू बाई! आळशीपणाचा पुतळा. सकाळी उठवायला क्रेन मागवावी लागते." क्रेन मी हातांनी करून दाखवली. "स्वतःहून पुस्तक उघडलं तर त्या दिवशी आम्ही घरात पेढे वाटतो."

बाई हसल्या. मग त्यांनी लिहिलं.

बायकोही पुण्याचीच. तिने दुजोरा दिला, "सगळं माझ्याच मागे लागून होतं. मी नसले ना, तर हिचं काही खरं नाही."

लिहिलं.

मी थांबलो. आता सरांचं वाक्य. बाई माझ्याकडे बघताहेत, मी बाईंकडे. वाक्य येईना. समोरचा नट वाक्य विसरला की आपण काहीतरी भरून काढायचं असतं, ही रंगमंचाची रीत. मी भरून काढलं. "आणि अवघड काही आलं की अशी पळते, अशी पळते..." दोन बोटांनी टेबलावर पळणारी मुलगी करून दाखवली. बोटं टेबलाच्या कडेवरून खाली पडली. बाई पोट धरून हसल्या. मग लिहिलं. कोंबडी वाजली.

"इतक्या मोकळेपणाने बोललात, आभारी आहे," त्या उठून म्हणाल्या. "सगळे पालक नाही बोलत."

बाहेर येऊन बायको म्हणाली, "छान आहेत ना बाई? किती ऐकून घेतात."

ज्या मुलीबद्दल हे चाललं होतं, तिने मागच्या उन्हाळ्यात काय केलं होतं तेही सांगतो. घरामागच्या बागेत गोगलगायी होत्या. हिने आईच्या नेलपॉलिशने प्रत्येकीच्या शंखावर वेगळा ठिपका दिला आणि रोज सकाळी कोण कुठवर गेली ते फूटपट्टीने मोजलं. सुट्टीभर. वहीत तक्ते, पावसाच्या दिवसांना निळी खूण, शेवटी आलेख. कुणी सांगितलं नव्हतं. उलट नेलपॉलिश संपवलं म्हणून बोलणी खाल्ली. असं पोर आळशी असतं होय? पण ते बापाने सांगायचं नसतं. ते सरांनी सांगायचं असतं.

त्या वर्षीच्या गणपतीत मी हा सगळा प्रसंग करून दाखवला. महाराष्ट्र मंडळाच्या भाड्याच्या हॉलमध्ये, आरतीनंतर, मोदकांच्या पंगतीत. क्रेन केली, कोंबडी केली, टेबलावरून पडणारी बोटं केली. बाई करताना मान खाली घालून हवेत लिहायचो.

"अहो पण मग त्या काय म्हणाल्या?" एका काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू! लिहीत बसल्या!"

काकूंना ठसका लागला. तुफान हशा. "पुन्हा करा हो, ह्यांनी बघितलं नाही," म्हणून त्यांनी काकांना बोलावलं, आणि मी पुन्हा केलं. मुलगी शेजारीच ताटली घेऊन बसली होती.

परत येताना गाडीत तिने मागून विचारलं, जर्मनमध्ये. मराठी तिला सगळं कळतं, पण मनातलं काही बोलायचं असलं की जर्मन. "बाबा, तू खरंच असं म्हणालास?"

"अगं, म्हणायचं असतं तसं."

"का?"

"आपल्याकडे सगळे म्हणतात."

"खालच्या मजल्यावरची आई नाही म्हणत." म्हणजे तिच्या मैत्रिणीची आई. "ती बाईंना म्हणाली, आमची मुलगी फार जिज्ञासू आहे, वर्गात तिला कंटाळा येतो."

"कोण?" मी आरशातून डोळे मोठे केले. "रोज जिन्यात बसून तुझ्या वहीतून गणितं उतरवते ती जिज्ञासू?"

बायको हसली.

चौथीच्या फेब्रुवारीत दप्तरातून पाकीट आलं. बायको पोळ्या करत होती, मी चहा घेऊन बसलो होतो. नेहमीसारखं मी पाकीट मुलीपुढे सरकवलं. तिने कात्रीने कड कापली आणि एकेक वाक्य आधी मनात वाचून मग मराठीत सांगू लागली.

"गणितात अतिशय चांगली. जर्मन चांगलं. वर्गात स्वतःहून कमी बोलते." मग ती थांबली. "पालकांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे..." पुन्हा थांबली. "बाबा, तू कुठला शब्द वापरला होतास? इथे जे लिहिलंय ते आरामात राहायला आवडणारी असं आहे. तू आळशी म्हणाला होतास ना? मग आळशी म्हणू?"

मी मान डोलावली.

"पालकांनी सांगितल्याप्रमाणे मुलगी आळशी आहे. आई सतत मागे लागल्याशिवाय अभ्यास करत नाही. अवघड कामापासून पळते. गिम्नाझियुममध्ये स्वतंत्रपणे काम करावं लागतं. तिच्यावर ताण येऊ नये म्हणून शाळा रेआलशूलची शिफारस करते."

तिचा आवाज कचऱ्याच्या पत्राला असतो तसाच होता. मग तिने भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि विचारलं, "हे हिरव्या फाईलला लावू ना?"

तव्यावरची पोळी करपली. मुलगी खोलीत गेल्यावर बायको म्हणाली, "तुझी जीभ! कुठे थांबावं म्हणून कळत नाही तुला."

"आणि तू? मी नसले तर हिचं काही खरं नाही, हे कोण म्हणालं?"

"ते मी आईपणाने म्हटलं!"

"मग मी काय मामेपणाने म्हटलं?"

इतर कुठल्याही दिवशी आम्ही यावर हसलो असतो.

मी बाईंची वेळ घेतली आणि गोगलगायींची वही बरोबर नेली. बोलावणं येईपर्यंत नेमका त्या फोटोखालच्या बाकावर बसलो होतो. आत गेल्यावर मी एकही हातवारा केला नाही. वही पुढे ठेवली. बाईंनी पानं उलटली, खरंच लक्ष देऊन उलटली.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "हे तिच्याकडून कुणी करून घेतलं?"

"कुणीच नाही. तिचं तिनेच केलं."

"पण तुमच्या पत्नीच म्हणाल्या होत्या की सगळं मागे लागून..."

"बाई, आमच्याकडे तशी रीत आहे. आईबाप आपल्या मुलाला नावं ठेवतात. मग शिक्षकांनी म्हणायचं असतं, नाही, चांगलं आहे मूल."

त्या विचारात पडल्या. "म्हणजे तेव्हा तुम्ही मला खोटं सांगितलंत?"

"खोटं नाही."

"मग खरं?"

"खरंही नाही."

"आणि आज सांगताय ते?" त्यांनी टोमणा मारला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना मनापासून जाणून घ्यायचं होतं. "हे बघा, चौथीच्या फेब्रुवारीत सगळेच आईबाप मला सांगतात की त्यांचं मूल हुशार आहे. मागच्या वर्षी, शिफारशीचा विषय नसताना, तुम्ही सांगितलंत ते मी जास्त खरं धरलं. पूर्वी आमच्याकडे परदेशी आईबापांचं कुणी ऐकून घ्यायचं नाही. ती मोठी चूक होती. आता आम्ही ऐकतो. तुमचा शब्दन् शब्द लिहून ठेवला मी."

खरंच ठेवला होता. फाईल उघडून दाखवली. क्रेनसुद्धा होती. 'उठवणे कठीण', अशी.

तिथून बाहेर पडताना मला त्या शाळेचा असा राग आला की फोटोतला फेटा ओढून काढावा. वडे खाल्ले. मुजरा घेतला. साऱ्या जगाचे नमस्कार एका झाडाला टांगले. पण एक बाप आपल्या पोरीला नावं ठेवतो तेव्हा तो काय करत असतो, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. ऐकून घेतलं म्हणे! ऐकून घेतलं की लिहिणं सोपं जातं. खालच्या मजल्यावरची जिज्ञासूही तशीच लिहिली गेली आणि गिम्नाझियुमला निघाली. आणि ज्यांना यांची भाषाच येत नाही, जे आईबाप त्या दहा मिनिटांत नुसती मान हलवून येतात, त्यांच्या पोरांच्या नावापुढे काय लिहीत असतील?

हा राग मला गाडीपर्यंत पुरला. गाडीत बसलो आणि आठवलं की गेल्याच आठवड्यात ऑफिसात मी माझा वार्षिक आढावा भरला होता. स्वतःच्या हाताने. 'अवघड जबाबदाऱ्या स्वतःहून स्वीकारतो. संघाला प्रेरणा देतो.' बारा वर्षं भरतोय, दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा जोरात. पहिल्या वर्षी मी नम्रपणे 'अजून पुष्कळ शिकायचं आहे' असं लिहिलं होतं, तेव्हा माझ्या साहेबाने तेच वाक्य वाचून माझी बढती अडवली होती. म्हणजे इथे दुसरं वाक्य कुणी म्हणत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीत मी ते एका वर्षात शिकलो. मुलीच्या बाबतीत मला टाळ्या हव्या होत्या.

आमच्या राज्यात शेवटचा शब्द आईबापांचा असतो. शिफारस काहीही असो, फॉर्मवर गिम्नाझियुमपुढे फुली मारता येते. फॉर्म भरायला अर्थात मुलीपुढेच ठेवला. तिने सगळं भरलं, नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि फुलीची जागा कोरी ठेवली.

"ही तू मार," ती म्हणाली. "मी मारली तर खोटं होईल."

"कसलं खोटं? तू हुशार आहेस, बाळा. पहिल्यापासून आहेस."

तिने माझ्याकडे तपासून बघितलं. "हे आता म्हणायचं असतं का?"

फुली मी मारली.

आता ती गिम्नाझियुमच्या पाचवीत आहे. इथे वर्गात बोलण्याला जवळजवळ अर्धे गुण असतात आणि ती बोलत नाही. लेखी परीक्षेत दोन, तोंडी कामात चार. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास. खालच्या मजल्यावरची जिज्ञासू तिच्याच वर्गात आहे आणि तास सुरू झाल्यापासून तिचं बोट हवेत असतं. उत्तर बरोबर असतंच असं नाही. मी एकदा विचारलं, "तुला उत्तर येत असतं ना? मग हात का नाही वर करत?"

"चुकलं तर सगळे म्हणतील, म्हणूनच शिफारस नव्हती."

"कुणाला माहितीय शिफारशीचं?"

"सगळ्यांना. पहिल्याच दिवशी एकमेकांना विचारतात."

गोगलगायी या उन्हाळ्यातही होत्या. ठिपके नव्हते. आईने नेलपॉलिशची नवी बाटली आणून मुद्दाम खिडकीत ठेवली होती. ती तिथेच आहे.

मागच्या महिन्यात नव्या शाळेत पालकभेट झाली. इथे मुलांनाही बरोबर बोलावतात. या वेळी खुर्च्या मोठ्या होत्या, घड्याळ भिंतीवर होतं. नवे सर माझ्याच वयाचे, हसतमुख. समोर वही, हातात पेन. मुलगी माझ्या आणि बायकोच्या मधे.

"तर मग, घरी कशी असते ही?" सरांनी विचारलं.

मी तयारी करून गेलो होतो. चार वाक्यं पाठ केली होती, क्रियापदं जागच्या जागी. हात मांडीखाली दाबून ठेवले होते. म्हटलं, "ती हुशार आहे. स्वतःहून काम करते. अवघड गोष्टी तिला आवडतात. आम्हाला तिचा अभिमान आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्याबद्दल कुणासमोर मी हे बोलत होतो, आणि त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. सरांचं पेन वहीवर टेकलं.

तेवढ्यात मुलगी बोलली. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी, स्वच्छ, खणखणीत जर्मनमध्ये, आणि बोलण्याआधी नेमकं जेवढं थांबायचं तेवढं थांबून.

"तुम्ही लिहून घेता ना, म्हणून म्हणतायत ते."

सर खो खो हसले. पेन खाली ठेवलं. "वा!" ते म्हणाले. "असं वर्गातही बोलत जा ना!"

बायको माझ्याकडे बघत होती. मुलगी समोर बघत होती. सरांना वाटलं मीही हसेन, म्हणून ते थोडा वेळ माझ्याकडे बघून हसत राहिले.